दुखतंय म्हणून थांबलेल्यांसाठी

डॉक्टर सांगतात, वजन कमी करा, गुडघ्यांना आराम पडेल. घरचे सांगतात, वजन कमी करायचं तर रोज तासभर चालायला जा. आणि चालायला निघालं की दोन चौक ओलांडायच्या आत गुडघा सांगतो, आता मागे फिर. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, आणि त्यांच्या कात्रीत सापडलेला माणूस शेवटी सोफ्यावर येऊन बसतो. ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे. जिना उतरताना ज्याचा हात आपसूक कठड्याकडे जातो, सकाळी बेसिनवर वाकताना ज्याची कंबर धरते, लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या जो आधी टेकायला खुर्ची कुठे मिळेल ते बघतो, आणि 'जरा व्यायाम करत जा' हे वाक्य ऐकून ज्याला आता वैतागच येतो, तो माणूस.

पुस्तिकेतले व्यायाम सांध्यांना कमी धक्का देणारे आहेत. उड्या नाहीत, धावणं नाही, जिन्यावर वरखाली करणं नाही. खुर्ची, भिंत, सतरंजी, सपाट रस्ता, सायकल आणि मिळालं तर छातीएवढं पाणी, एवढंच साहित्य. मांडणी नवी मुंबईतल्या उलव्यातली माणसं डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, कारण इथे एकाच बाजारात दोन तऱ्हेचे दुखरे गुडघे भेटतात आणि दोन्हींना सल्ला मात्र एकच मिळतो.

पहिल्या तऱ्हेचे गुडघे मूळ गावांतले. वहाळ, मोरावे, गव्हाण, बामणडोंगरी, शेलघर या बाजूला वस्ती आगरी-कोळ्यांची. नवी मुंबई वसवायला पनवेल, उरण आणि ठाण्याच्या बाजूच्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. त्याआधी या पट्ट्यात भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. लावणी म्हणजे चिखलात कमरेतून वाकून दिवस काढायचा. मिठागरात मीठ ओढायचं, टोपल्या डोक्यावरून वाहायच्या. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा आणि तिथे तासन्‌तास उकिडवं बसून मासळी कापायची. हे सगळं केलेल्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत. 'पूर्वीची माणसं कष्टाची, त्यांना कुठे होती असली दुखणी' असं आपण सहज बोलून जातो, ते एकदा त्यांच्यासमोर बोलून बघावं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिच्यात दर शंभर प्रौढांमागे सुमारे अठराजणांना हाडा-सांध्यांचं दुखणं निघालं. खेड्यातली, शेतात राबणारी माणसं होती ती. कष्टाने अंग दमतं, पण वर्षानुवर्षं एकाच कोनात वाकून केलेल्या कामाने शरीराचा काही भाग झिजतो आणि काही भाग तसाच कमजोर राहतो. पुढे जमीन गेली, काम सुटलं, जेवण मात्र कामाच्या दिवसांतलंच राहिलं, आणि झिजलेल्या गुडघ्यावर वजन येऊन बसलं.

दुसऱ्या तऱ्हेचे गुडघे टॉवरमधले. नेरूळ-वाशीपेक्षा परवडतं म्हणून इथे फ्लॅट घेतलेली ही माणसं. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकल इथल्या खारकोपर स्टेशनापर्यंत आली, जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला पोचली, आणि त्याच दिवशी शिवडीला जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला. वस्ती मुंबईच्या जवळ आली, पण बसणं कमी झालं नाही. गाडीत बसायचं, ऑफिसात बसायचं, घरी येऊन पुन्हा बसायचं. दिवसभराची चाल लिफ्टपासून रिक्षापर्यंत. त्यात या मार्गावर गाड्या मेन लाइनसारख्या एकामागून एक नसतात. समोरची सुटली की बराच वेळ ताटकळावं लागतं. म्हणून एरवी अजिबात न हलणारा माणूस मधूनच एखाद्या सकाळी खांद्यावर लॅपटॉपची बॅग टाकून स्टेशनच्या पायऱ्या धावत सुटतो. स्नायू तयार नाहीत आणि एकदम जोर, यापेक्षा गुडघ्याला आणि कमरेला वाईट काय असणार?

या दोघांना 'चाला' एवढंच सांगणं अर्धवट आहे. पहिल्याला आधी ताकद हवी, दुसऱ्याला आधी सवय.

दोघांच्या तोंडची वाक्यं मात्र सारखी असतात. 'मणक्यात गॅप आलाय.' 'गुडघ्यातलं वंगण संपलंय.' 'एल-फोर एल-फाइव्हला नस दबलीय.' पिशवीतून फाइल निघते, एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली जाते आणि तो काळसर पट्टा दाखवताना आवाज असा होतो की आता या जन्मी वाकायचं नाही. मला या फिल्मबद्दल आदर आहे, पण तिचा इतका धाक बरा नव्हे. ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशा ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज झालेली होती, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. दुखणं कुणालाच नव्हतं. तेव्हा फिल्मवर झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही, आणि झीज भरून निघाल्याशिवाय दुखणं थांबायचं नाही, असंही नाही.

गुडघ्याचं गणित यापेक्षा थोडं वेगळं आहे. तिथल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, त्या येण्याजाण्यातूनच सांध्यातल्या द्रवामधलं पोषण कूर्चेत शिरतं. म्हणजे गुडघ्याला पूर्ण विश्रांती देणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. शिवाय मांडीच्या पुढचा मोठा स्नायू दोन-तीन आठवड्यांच्या बसण्यानेही ढिला पडायला लागतो. तो ढिला पडला की प्रत्येक पावलाचा हादरा थेट सांध्यावर येतो, जास्त दुखतं, म्हणून माणूस आणखी बसतो. ही साखळी तोडायची तर दुखणं थांबायची वाट बघता येत नाही. वजन उतरायचीही नाही. या पुस्तिकेचं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे: हालचाल आधी, बाकीचं तिच्या मागून. वजन उतरलं की व्यायाम सुरू करू, हा बेत उलव्यातल्या निम्म्या घरांत असावा, आणि तो उलटा आहे.

आता किती भार, हा प्रश्न. बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांच्या आतच भार मोजणारी उपकरणं घातली आणि रोजच्या हालचालींत प्रत्यक्ष काय होतं ते नोंदवलं. २०१० साली आलेले त्यांचे आकडे असे: सपाट चालताना एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. ऐंशी किलोच्या माणसाचं गणित करा. रस्त्यावर दोनशे किलोंच्या वर आणि जिना उतरताना पावणेतीनशेच्या आसपास. चढण्यापेक्षा उतरणं जड का जातं, याचं उत्तर इथे आहे. जिना चढताना लागते ती धाप, म्हणून आपण चढण्याला घाबरतो. खरी फिकीर उतरण्याची करायला हवी. स्थिर सायकलवर, हलकं पेडल मारताना, हाच भार शरीराच्या वजनाच्या १.२ पटीवर येतो, चालण्याच्या निम्म्याहून कमी. आणि पाण्यात कमरेपर्यंत उभं राहिलं की पायांवर येणारं वजन साधारण निम्मं होतं, छातीपर्यंत गेलं की जवळजवळ एक-तृतीयांश. पोहता यायची गरज नाही. पाण्यात नुसतं चालायचं. अडचण एवढीच की तरणतलावाची फी, वेळा आणि पोशाख या तीन गोष्टी जुळून येणं साठीतल्या बाईसाठी सोपं नसतं. म्हणून पाण्याचं प्रकरण पुस्तिकेत आहे, पण छोटं आहे.

आकडे वाचून कुणी भार या शब्दालाच घाबरू नये. खुर्चीवरून उठतानाही गुडघ्यावर अडीच पटीच्या जवळपास भार येतो, तरीही या पुस्तिकेतला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा व्यायाम तोच आहे. भार हळूहळू आला, धक्क्याशिवाय आला, आणि हातांनी त्यातला वाटा उचलता आला, तर सांधा तो झेलायला शिकतो.

तो व्यायाम इथेच सविस्तर सांगतो, कारण बाकीचे जमले नाहीत तरी हा सुटू नये. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्यावी. हॉलमधली प्लास्टिकची नको, गुळगुळीत टाइलवर ती मागे सरकते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवायची. गुडघे फार दुखत असतील तर आसनावर घडी केलेली सतरंजी आणि तिच्यावर एक घट्ट उशी. बैठक चार बोटं उंच झाली की उठणं लक्षात येण्याइतकं सोपं होतं. पुढच्या कडेवर सरकून बसायचं. पावलं खांद्याइतकी फाकवून, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत कमरेतून पुढे झुकायचं, पाठ सरळ ठेवून, आणि टाचांवर जोर देत उभं राहायचं. बहुतेक जण इथे झुकायचं विसरतात, सरळ वर उठू बघतात आणि मग सगळा ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो. उठताना गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर आरशासमोर करावं. पण अर्धा व्यायाम खाली बसण्यात आहे. एक, दोन, तीन, चार असं मनात मोजत खाली यायचं. शेवटच्या वितीत अंग धपकन सोडून द्यायचं नाही. ती शेवटची वीत जो सांभाळतो त्याला जिना उतरताना फरक कळतो. सुरुवातीला पाच वेळा, हातांचा आधार घेऊन. दोन आठवड्यांनी आधार एका हाताचा. महिन्याभराने उशी काढायची. तालमीत घालत त्या बैठकांचा हा अर्धाच तुकडा आहे, आणि शाळेत मास्तर शिक्षा म्हणून काढायला लावत त्या उठाबशांशी याचं नातं फार लांबचं आहे, हे साठीच्या मंडळींना मुद्दाम सांगावं लागतं. त्यांना आधी तेच आठवतं.

किती दुखलं तर चालेल? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पुस्तकं टाळतात, म्हणून आपली माणसं पहिल्या कळेला थांबतात. डेन्मार्कमध्ये गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी २०१३ पासून जो व्यायाम कार्यक्रम चालतो, त्यात शून्य ते दहाची पट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. दोनपर्यंत बिनधास्त करावं, तीन ते पाच असेल तर चालतं, पाचाच्या वर गेलं की कमी करायचं. आणि व्यायामाने वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही, तर व्यायाम सोडायचा नाही, पुढच्या वेळी निम्मा करायचा. ही पट्टी घरातल्या घरात वापरता येते, आणि 'दुखलं म्हणजे काहीतरी फाटलं' ही भीती तिने बरीच कमी होते.

कमरेसाठी पुस्तिकेत तीन व्यायाम आहेत: पाठीवर झोपून मान किंचित उचलणं, कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलणं आणि रांगत्या स्थितीत उलट बाजूचा हात-पाय लांब करणं. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी हे त्रिकूट लोकप्रिय केलं. शेवटच्यात गुडघे जमिनीला टेकतात, म्हणून खाली जाडसर उशी, तेही सोसत नसेल तर पलंगाला किंवा ओट्याला हात टेकून उभ्याने. हे तीन आणि चालणं. चालण्याबद्दल अलीकडे चांगला पुरावा आला आहे. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठाने ७०१ लोकांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं, तर कंबर पुन्हा धरायला लागेपर्यंत मधला काळ साधारणपणे २०८ दिवसांचा झाला. न चालणाऱ्यांत तो ११२ दिवसांचा होता. चालीखेरीज चालणाऱ्या गटाला फिजिओथेरपिस्टचा थोडा सल्लाही होता, हे सांगायला हवं. कमरेच्या पट्ट्याबद्दल एवढंच, की प्रवासात किंवा कंबर फारच धरली तर चार दिवस बांधावा. वर्षानुवर्षं साडीच्या किंवा शर्टाच्या आत तो वागवणाऱ्यांनी एकदा आपल्या डॉक्टरांना विचारावं की अजून कशासाठी.

सूर्यनमस्कार या यादीत का नाहीत, असं विचारणारे भेटतातच, आणि त्यांचा सूर दुखावलेला असतो. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते रुजवले, त्यावर पुस्तकं लिहिली. तो वारसा मोठाच आहे. पण झपाट्याने पुढे वाकणं आणि गुडघे जमिनीवर टेकून सरकणं, या दोन गोष्टी नेमक्या दुखऱ्या कमरेला आणि सुजलेल्या गुडघ्याला सोसत नाहीत. त्यापेक्षा पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा मार्ग इथे उपयोगी आहे. १९७५ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत भिंतीतले दोर, खुर्च्या, लोड, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं करवून घेतात. शरीराला आसनापर्यंत ओढण्यापेक्षा आसन शरीरापर्यंत आणायचं, ही त्यामागची दृष्टी. खुर्चीवर बसून, हात टेबलावर टेकून केलेले संथ नमस्कार पुस्तिकेत शेवटी दिले आहेत ते त्यामुळेच. वज्रासनाचंही तसंच. जेवल्यावर वज्रासनात बसा, असं व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी सांगतं. ज्याचा गुडघा फुगलाय त्याने बसू नये.

आणि आता वजन, ज्यासाठी निम्म्या वाचकांनी पुस्तिका हातात घेतली असेल.

व्यायामाने वजन उतरतं, पण फार थोडं. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाने गुडघ्यांची झीज असलेल्या ४५४ वजनदार लोकांचे तीन गट करून त्यांचा दीड वर्ष पाठपुरावा केला. निष्कर्ष २०१३ साली आले. नुसता व्यायाम केलेल्यांचं वजन सरासरी १.८ किलो घटलं, नुसतं खाणं आटोक्यात ठेवलेल्यांचं ८.९ किलो, दोन्ही केलेल्यांचं १०.६ किलो. वजनाचा हिशोब ताटात होतो, याहून स्पष्ट काय सांगायचं? पण दुखणं कमी होणं आणि चालणं-फिरणं सुधारणं, यांत सर्वांत पुढे राहिला तो दोन्ही केलेला गट. ऐंशी किलोचा माणूस अर्धा तास रमतगमत चालला तर सव्वाशे-दीडशे कॅलरी जळतात. परतताना स्टेशनबाहेरच्या गाडीवर घेतलेल्या एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. हे गणित माहीत नसल्यामुळे लोक तीन महिने चालतात, काटा हलत नाही, आणि 'आपल्या अंगाला काही लागू पडत नाही' म्हणून चालणंही सोडतात. काटा हलला नाही तरी गुडघा हलला होता, हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

आणि वजन थोडं उतरलं तरी पुष्कळ असतं. वेक फॉरेस्टच्याच आधीच्या अभ्यासात असं दिसलं की उतरलेल्या दर एक किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पाच किलो उतरले तर पावलागणिक वीस. दिवसाची पावलं किती, त्याने गुणून बघा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीत दहा वर्षांत पाचेक किलो उतरवलेल्या स्त्रियांना गुडघ्याच्या झिजेचा त्रास सुरू होण्याचा धोका निम्म्याहून कमी झालेला आढळला. म्हणजे कॉलेजातल्या फोटोसारखं दिसायची गरज नाही. नव्वदचे पंच्याऐंशी झाले तरी गुडघ्याला ते कळतं.

इथे आपल्या अंगाची एक खोड ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो तेव्हाही आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेघ २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर ओढलेली आहे, आणि पोटाचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर आधीच कमी असलेला स्नायू आणखी जातो आणि गुडघा उघडा पडतो. खुर्चीवरच्या उठबशीला मी इतकी जागा दिली ती याच कारणाने. हल्ली वजनाची इंजेक्शनं आली आहेत, त्यांनी वजन आणि गुडघेदुखी दोन्ही कमी होतात असा चांगला अभ्यासही २०२४ मध्ये आला. ती घ्यायची की नाही हा डॉक्टरांचा विषय, पण घेतली तरी स्नायूंचं काम आपल्यालाच करावं लागेल.

खाण्याचं प्रकरण पुस्तिकेत मुद्दाम साधं ठेवलं आहे. तांदळाची भाकरी आणि भात सोडा, असं या पट्ट्यात सांगणं म्हणजे उद्यापासून बोलू नका सांगण्यासारखं आहे. सोडू नये. तीन भाकऱ्यांच्या दोन कराव्या, मासळीचा तुकडा मोठा करावा, तो तळण्यापेक्षा कालवणात घालावा, आणि संध्याकाळच्या चहाबरोबरची फरसाणाची बशी बंद करावी. ज्या घरात मासळी नाही तिथे डाळ दाट करावी, उसळ रोज असावी. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोनदा जेवण्याची पद्धत घरोघर माहीत आहे. अनेकांना ती मानवते, आणि दिवसभर चरत राहण्याची सवय तिने मोडते. मात्र तिच्यातली ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटरची चाल म्हणजे ताशी सहा किलोमीटर. दुखऱ्या गुडघ्याने सुरुवात त्या वेगाने करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी जेवणांची संख्याही डॉक्टरांना विचारूनच बदलावी. दहा हजार पावलांचंही ओझं घेऊ नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं यंत्र विकताना रूढ झाला. सत्तरीच्या आसपासच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात साडेचार हजारांच्या जवळ जाणाऱ्यांनाही स्पष्ट फायदा दिसला, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही.

चालायचं कुठे, हा उलव्यात अवघड प्रश्न आहे. रस्ते रुंद, सपाट आणि सरळ आहेत, ही दुखऱ्या गुडघ्याला मोठीच देणगी. पण विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली गेली तेव्हापासून धूळ आणि डंपर इथल्या माणसांना परके राहिलेले नाहीत. फूटपाथ मधूनच उखडलेला, कुठे गाड्यांनी अडवलेला. सकाळी लवकर, डंपर सुरू व्हायच्या आत, रस्त्याच्या सपाट कडेने चालावं. पेव्हर ब्लॉक हलत असतील तिथे जाऊ नये. उंच इमारतींत पार्किंगच्या मजल्यावर किंवा पोडियमवर फेऱ्या मारणं पुष्कळदा रस्त्यापेक्षा बरं. पावसाळ्याचे चार महिने तर तोच आसरा, नाहीतर घरातला पॅसेज. बूट जाड तळाचे, चपला नकोत. घरातही टाइलवर अनवाणी चालताना टाच दुखत असेल तर मऊ स्लिपर वापराव्या.

'मी दिवसभर घरात हलतच असते, मला वेगळा व्यायाम कशाला' हे वाक्य बायका म्हणतात, आणि त्यांच्या थकव्याला मान देऊनच सांगायचं, तर घरकाम तेच सांधे त्याच कोनांत पुन्हा पुन्हा वाकवतं. ओट्याशी तासभर एका पायावर भार टाकून उभं राहणं, लादी पुसायला उकिडवं बसणं, यातून मांडीचा आणि पाठीचा स्नायू वाढत नाही. लादी उभ्याने पुसायचा मॉप आणि ओट्याशी एक उंच स्टूल, या दोन वस्तू मला कुठल्याही मलमापेक्षा मोलाच्या वाटतात. आणि व्यायामाची पंधरा मिनिटं घरातल्या बाकीच्यांनी तिला मोकळी करून द्यावीत, पुस्तिकेतलं हे एकमेव वाक्य तिच्यासाठी नसून घरच्यांसाठी आहे.

काही माणसांनी ही पुस्तिका आज बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जावं. लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक जाणं, मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरता येणं, पाऊल उचलता न येऊन चप्पल घासत चालणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. ताप येऊन कंबर दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, काहीही न करता वजन उतरणं, गुडघा एकाएकी लाल आणि गरम होऊन सुजणं किंवा वाकलेल्या अवस्थेत अडकणं, हेही घरी बसून काढायचे आजार नव्हेत. हृदयविकार असेल, चालताना छाती भरून येत असेल, तर कुठलाही व्यायाम सुरू करण्याआधी विचारावं.

बाकीच्यांनी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि पानं गाळू नयेत. पहिला आठवडा फक्त खुर्चीचा आहे, दिवसातून दोनदा पाच-पाच वेळा, आणि सपाट जागी दहा मिनिटं चाल. ते फार सोपं वाटेल, तसंच वाटायला हवं. दुखण्यातला फरक कळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात निकाल लावू नये. शेवटच्या पानावर नोंदीचा तक्ता आहे. त्यात वजनाचा रकाना आठवड्यातून एकदाच भरायचा, सकाळी, चहाच्या आधी. रोज भरायचे दोनच रकाने: दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा, आणि त्या दिवशी हातांच्या आधाराशिवाय खुर्चीवरून किती वेळा उठता आलं तो आकडा. घरात नातवंडं असतील तर तो तक्ता त्यांच्या हाती द्यावा. ती एकही दिवस चुकवू देत नाहीत.